ऐच्छिक लस, अनिवार्य दाखला : मुंबई इलाख्यातील प्लेगप्रतिबंधक लसीकरणाची सार्वजनिक चर्चा (१८९७–१९०७)

प्रस्तावना

१८९६ साली मुंबईत उद्भवलेल्या प्लेगविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि त्यातील बहुतांश लेखन रँडचा वध, चापेकर बंधूंचे बलिदान व लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला या तीन घटनांभोवती केंद्रित झालेले दिसते. याच काळात मुंबईत तयार झालेली प्लेगची लस मात्र या लेखनात एखाद्या परिच्छेदापुरती येते व परळच्या हाफकिन संस्थेचा गौरवपूर्ण उल्लेख करून हा विषय संपविला जातो. विज्ञानाच्या इतिहासकारांनी लसीची कथा सांगितली आणि राजकीय इतिहासकारांनी जुलमाची. परंतु या दोन्ही कथा एकाच शहरात, एकाच वर्षी आणि पुष्कळदा एकाच घराच्या उंबरठ्यावर घडत होत्या, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

ही लस घ्यावी की न घ्यावी, याविषयी मुंबई इलाख्यात जी सार्वजनिक चर्चा झाली तिचा खरा विषय काय होता, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारार्थ घेतला आहे. सरकारी अहवालांनी या चर्चेची वाटणी ‘शास्त्र’ आणि ‘अंधश्रद्धा’ अशा दोन पक्षांत केली. ही वाटणी स्वीकारार्ह नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लोकांची शंका सुईपेक्षा सुईबरोबर येणाऱ्या कागदाविषयी, म्हणजे दाखल्याविषयी, आणि तो कागद देणाऱ्या सत्तेविषयी अधिक होती.

‘देवी काढणे’ ते ‘लस टोचणे’

प्लेगची लस आली तेव्हा टोचून घेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस गोस्तन देवीची लस टोचण्यात आली व हिंदुस्थानातील लसीकरणाचा प्रारंभ झाला. पुढे १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. म्हणजेच प्लेग येईपर्यंत शहरातील एक पिढी सक्तीच्या लसीकरणाच्या अनुभवातून गेली होती.

येथे भाषेकडे थोडे वळणे अप्रस्तुत ठरू नये. मराठीत ‘लस’ हा शब्द मुळात जखमेतून किंवा फोडातून पाझरणाऱ्या द्रवासाठी आहे. देवीच्या बाबतीत तो तंतोतंत लागू होता, कारण एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात जात असे. प्लेगच्या लसीत असे काही नव्हते. ती प्रयोगशाळेतील काचपात्रांत वाढविलेल्या व नंतर उष्णतेने मारलेल्या जंतूंची होती. परंतु शब्द तोच राहिला आणि शब्दाबरोबर अर्थही आला. ‘प्लेगची लस’ म्हणजे प्लेगच्या गाठीतून काढलेला द्रव, असे सामान्य माणसास वाटले असल्यास त्यास अडाणीपणा म्हणण्याचे कारण नाही. शब्द त्यास तेच सांगत होता.

लसीची निर्मिती व आकड्यांचा वाद

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ओडेसा येथे जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आले होते. हिंदुस्थानात पटकीच्या लसीचे प्रयोग ते १८९३ पासून करीत होते. ते वैद्यकाचे पदवीधर नसून प्राणिशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट पुढे त्यांच्या विरोधकांच्या कामी आली. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत काम करून त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. तुरुंगातील ‘स्वेच्छा’ म्हणजे काय, हा प्रश्न त्या काळच्या अहवालांना पडलेला दिसत नाही.

यानंतर जे आकडे प्रसिद्ध झाले ते प्रभावी होते. पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे १८९७ च्या वसंतात लोअर दमणच्या ८,२३० रहिवाशांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांपैकी ३६ मृत्यू पावले, तर लस न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. पुण्याजवळच्या खडकी छावणीतही असाच फरक आढळला. परंतु अशा आकड्यांवर एक रास्त आक्षेप होता. लस घेणारे व न घेणारे हे दोन गट मुळात सारखे होते काय? साथ अर्धी उलटल्यावर ज्याने लस घेतली, तो तोपर्यंत वाचलेलाच होता. शिवाय लस न घेणाऱ्यांपैकी किती गाव सोडून गेले, याची मोजदाद कोणाकडे होती?

या आक्षेपास सर्वांत समाधानकारक उत्तर बडोदे संस्थानातील उंढेरा या लहानशा गावाने दिले. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्रत्येक बाधित कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली, जेणेकरून घर, अन्न, हवा व परिस्थिती ही दोन्ही गटांस समान राहावी. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांस प्लेग झाला व ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांस प्लेग झाला व २६ दगावले. आजच्या कसोट्यांनी हा प्रयोग परिपूर्ण ठरणार नाही; एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांपैकी कोणास लस द्यावयाची हे ठरविताना त्या घरात काय घडले असेल, याचा विचारही मन अस्वस्थ करतो. तरीही लस निरुपयोगी होती असे म्हणण्यास या आकड्यांनी जागा ठेवली नाही.

१८९८-९९ मध्ये प्रा. टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन प्लेग कमिशनने या सर्व पुराव्याची छाननी केली. लसीमुळे रोगाचे व मृत्यूचे प्रमाण घटते, परंतु संरक्षण पूर्ण नसते, असा त्यांचा निर्णय होता. त्याचबरोबर मात्रेचे प्रमाणीकरण व लसीची निर्जंतुकता यांविषयी कमिशनने गंभीर शंका नोंदविल्या. अहवालाचा हा दुसरा भाग त्या वेळी फारसा चर्चिला गेला नाही. तीन वर्षांनी त्याची आठवण सर्वांस झाली.

सवलत की सक्ती?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारास जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. घरझडती, रोग्यास सक्तीने इस्पितळात नेणे, आप्तांना विलगीकरण छावणीत ठेवणे, रेल्वे स्थानकांवर तपासणी, सामानाची जाळपोळ या उपायांचे वर्णन येथे पुन्हा करण्याची आवश्यकता नाही. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीच आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत पुन्हा दंगल उसळली. या दोहोंच्या मध्ये पुण्यात २२ जून १८९७ ची रात्र येते.

या सर्व उपायांमध्ये लस हा एकमेव ऐच्छिक उपाय होता. प्लेगची लस कायद्याने सक्तीची करावयाची नाही, हे धोरण सरकारने अखेरपर्यंत सोडले नाही. अधिकाऱ्यांना याचा अभिमान होता व लोक तरीही शंका घेतात याचे आश्चर्यही. परंतु या ऐच्छिकतेचे स्वरूप तपासून पाहिले पाहिजे. १८९८ पासून लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यांना विलगीकरण व प्रवासातील अटकाव यांतून सवलत देण्याचे धोरण इलाख्यात स्वीकारले गेले. ज्याच्याजवळ दाखला, त्याला छावणी चुकली. ज्याच्याजवळ नाही, त्याला स्थानकावर उतरवून घेतले जाण्याची धास्ती. पोटासाठी कोकणातून किंवा देशावरून मुंबईस ये-जा करणाऱ्या मजुरास ही निवड कितपत मोकळी होती?

लस घेतल्यावर ताप येई, दंड सुजे, एक-दोन दिवस काम होत नसे. रोजंदारीवरच्या माणसास याचा अर्थ बुडालेली मजुरी असा होता. नोकरदार वर्गास हा खर्च सोसण्यासारखा होता, मजुरास नव्हता. म्हणून लस टाळणाऱ्यांची गणना करताना केवळ धर्मभोळेपणाचा रकाना भरून चालणार नाही. त्यात मजुरीचाही एक रकाना हवा.

याच काळात हुबळी येथे जे घडले ते या दृष्टीने उद्बोधक आहे. धारवाड, हुबळी व गदग हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८९८ च्या साथीत हुबळीच्या बहुसंख्य रहिवाशांनी लस घेतली. धारवाड-गदग भागात डॉ. ॲलिस कॉर्थॉर्न यांनी मोठ्या प्रमाणावर लसीकरण केले. परपुरुषाच्या स्पर्शाची अडचण असलेल्या समाजात स्त्री वैद्याचे असणे किती महत्त्वाचे होते, हे वेगळे सांगावयास नको. सरकारने हुबळीचे उदाहरण शास्त्राचा विजय म्हणून सर्वत्र फिरविले. परंतु छावणीतून सुटका हेच तेथील मोठे आकर्षण असेल, तर तो विजय नेमका कशाचा? लोकांनी लसीवर विश्वास टाकला की छावणीपेक्षा ताप बरा असा हिशेब केला? माझ्या मते दोन्ही कारणे एकाच माणसाच्या मनात असू शकतात, आणि आकडे त्यांना वेगळे करू शकत नाहीत.

याउलट विश्वासाने काय साधते याचे उदाहरण मुंबईतील खोजा समाजात दिसते. तिसरे आगाखान तेव्हा विशीचेही झाले नव्हते. त्यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली व ही वार्ता अनुयायांमध्ये पसरेल अशी व्यवस्था केली. पुढे हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी खुश्रू लॉज ही आपली वास्तूही त्यांनी दिली. त्या समाजात लसीचा प्रसार लक्षणीय झाला. तेथेही लस तीच होती. बदललेला होता तो सांगणारा माणूस.

अफवा आणि तिचा अर्थ

प्लेगच्या लसीविषयी ज्या अफवा पसरल्या त्यांची नोंद अधिकाऱ्यांनी मोठ्या चवीने करून ठेवली आहे. सुई हातभर लांब असते, टोचून घेणारा तत्काळ मरतो, जगला तरी पुरुषत्व गमावतो, अमुक साहेबाने टोचून घेतले आणि अर्ध्या तासात तो मेला. मे १८९८ मध्ये कलकत्त्यात सक्तीने टोचणार असल्याच्या नुसत्या वार्तेने दंगे झाले व हजारो लोकांनी शहर सोडले.

या अफवांपैकी वैद्यकीय आशय असलेल्या फारच थोड्या आहेत, हे लक्षात घ्यावे. बहुतेकींचा विषय सत्ता हा आहे. साहेब स्वतः टोचून घेतो काय? आमचे पौरुष, आमचा वंश यांवर सरकारचा डोळा आहे काय? ज्या सरकारने सैनिक माजघरात व देवघरात घुसविले, त्याच्या हातातील सुईविषयी हे प्रश्न पडले यात नवल ते काय!

धार्मिक आक्षेपांचे स्वरूप निराळे होते आणि त्यांची दखल हाफकिन यांनी टीकाकारांपेक्षा अधिक गांभीर्याने घेतली. जंतूंच्या वाढीसाठी लागणारा मांसरस गाईच्या वा डुकराच्या मांसाचा असता तर हिंदू व मुसलमान दोघांनीही लस नाकारली असती. म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले व जंतूंची वाढ तरंगती राहावी म्हणून त्यात तूप किंवा खोबरेल घातले. शाकाहारी समाजांचे समाधान एवढ्याने होणारे नव्हते. तरीही ज्या शासनाने पुण्याच्या घरांमध्ये शिरताना कोणाच्या सोवळ्याचा विचार केला नाही, त्याच शासनाच्या प्रयोगशाळेत एक परदेशी शास्त्रज्ञ काचपात्रातील द्रवाच्या सोवळ्याचा विचार करीत होता, ही विसंगती नोंद घेण्यासारखी आहे.

या चर्चेचा अभ्यास करताना साधनांची एक मर्यादा ध्यानी ठेवावी लागते. तत्कालीन देशी वृत्तपत्रांतील मते आज पुष्कळदा सरकारी अनुवादकाने तयार केलेल्या गोपनीय साप्ताहिक सारांशांतून वाचावी लागतात. हे सारांश सरकारास काय धोकादायक वाटते हे दाखविण्यासाठी होते. त्यामुळे लसीविषयीची शांत, व्यवहारी चर्चा त्यांत गाळली जाण्याचा व तिखट वाक्य टिकण्याचा संभव अधिक. शिवाय सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाल्यानंतर संपादक कसे लिहीत असतील, याचाही विचार केला पाहिजे. १८९८ मध्ये दंडसंहितेतील राजद्रोहाचे कलम १२४-अ अधिक व्यापक करण्यात आले, कलम १५३-अ नव्याने आले व अफवांविषयीचे कलम ५०५ बदलण्यात आले. लसीविषयीची शंका छापून मांडणे आता निर्धोक राहिले नव्हते. जी शंका छापता येत नाही ती कुजबुजीत जाते, आणि मग त्या कुजबुजीस अधिकारी अफवा म्हणतात.

मुलकोवाल

१८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. प्लेग उत्तरेकडे सरकला होता व पंजाब सरकारने १९०२ मध्ये व्यापक लसीकरणाची मोहीम आखून मुंबईकडे प्रचंड प्रमाणात लस मागितली. मागणी भागविण्यासाठी निर्मितीची पद्धत बदलण्यात आली व कार्बोलिक आम्लाचा वापर सोडण्यात आला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला व ते सर्व मृत्यू पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेत, दूषित झाली असावी असा निष्कर्ष त्याने काढला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले. अहवाल जनतेसमोर येण्यास काही वर्षे गेली. तो आल्यावर रोनाल्ड रॉस, डब्ल्यू. जे. सिम्पसन आदी शास्त्रज्ञांनी पुराव्याची फेरतपासणी करून दोष गावातील हाताळणीत, बाटली उघडताना घडला असावा असे प्रतिपादन केले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. अखेर सरकारने हाफकिन यांस पुन्हा सेवेत घेतले, परंतु मुंबईत नव्हे, कलकत्त्यास. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

या प्रकरणास ड्रेफस प्रकरणाची उपमा दिली जाते व हाफकिन यांच्यावरील अन्याय हा त्याचा गाभा मानला जातो. अन्याय झाला यात शंका नाही. तथापि सार्वजनिक चर्चेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. पाच वर्षे चाललेला हा वाद प्रयोगशाळा, गॅझेट व लंडनची वृत्तपत्रे यांत चालला. ज्यांनी लस टोचून घ्यावयाची होती त्यांना कोणी काय सांगितले? पंजाबची मोहीम मुलकोवालनंतर ओसरली. प्लेग मात्र ओसरला नाही. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांच्या आसपास माणसे मेली. जी लस उंढेऱ्यात उपयोगी ठरली होती ती या लोकांपर्यंत पोहोचली नाही, आणि त्यास ‘अंधश्रद्धा’ हे पुरेसे कारण नाही. एका बाटलीत काय बिघडले हे खेड्यातील माणसास वेळेवर व त्याच्या भाषेत कळले असते, तर उरलेल्या बाटल्यांवरचा विश्वास टिकण्याची काही शक्यता होती.

एकविसाव्या शतकातील दाखला

१८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोविडसाठी पुन्हा लागू झाला. १६ जानेवारी २०२१ रोजी राष्ट्रीय लसीकरणास प्रारंभ झाला. वसाहतीचे सरकार आणि निवडून दिलेले सरकार यांत मूलभूत भेद आहे व ही तुलना त्या मर्यादेतच वाचावी. पहिल्या टप्प्यात कोव्हॅक्सिनला मिळालेली ‘वैद्यकीय चाचणी पद्धतीने’ वापराची परवानगी व त्यासाठी घेतले जाणारे संमतिपत्र यांवर वाद झाला. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लस खुली होताच केंद्र, राज्य व खासगी रुग्णालये यांच्यासाठी वेगवेगळ्या दरांचा प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात या धोरणावर कठोर शब्दांत भाष्य केले आणि २१ जूनपासून खरेदीचे मुख्य दायित्व पुन्हा केंद्राने घेतले. १८९८ च्या वाचकास या वादातील एक गोष्ट अपरिचित वाटली असती : येथे लोक लस नको म्हणून नव्हे, तर मिळत नाही म्हणून संतप्त होते.

दाखल्याचा प्रश्न मात्र त्याने तत्काळ ओळखला असता. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकल गाड्यांतून प्रवासाची मुभा दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना देण्यात आली. लस ऐच्छिकच होती. परंतु विरार, कल्याण किंवा पनवेलहून रोज कामावर येणाऱ्या माणसास लोकल वर्ज्य असणे म्हणजे काय, हे मुंबई परिसरातील वाचकांस सांगावे लागू नये. हे आदेश मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित झाले आणि ते ज्या रीतीने काढले गेले त्यावर न्यायालयाने ताशेरे ओढले. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सर्व निर्बंध उठविले.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल प्रकरणात निर्णय दिला. शरीराची स्वायत्तता अनुच्छेद २१ खाली संरक्षित असल्याने कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, परंतु ते प्रमाणबद्ध असले पाहिजेत. आणि तत्कालीन परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरील निर्बंध तसे नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. लसीकरणाचे धोरण मात्र त्याने वैध ठरविले.

त्याच निर्णयात आणखी एक निर्देश आहे, ज्याची चर्चा तुलनेने कमी झाली. लस घेतल्यानंतर होणाऱ्या विपरीत परिणामांची नोंद व्यक्तींना व खासगी डॉक्टरांनाही करता यावी, आणि ती माहिती, नोंदविणाऱ्याची ओळख उघड न करता, सर्वांना पाहता यावी, अशी व्यवस्था करण्यास न्यायालयाने केंद्र शासनास सांगितले. मुलकोवालच्या एकोणीस जणांविषयीची कागदपत्रे वर्षानुवर्षे सरकारी दप्तरांत व आयोगासमोर फिरत राहिली होती. त्या गावातील लोकांना ती पाहता येतील अशी कोणतीही तरतूद तेव्हा नव्हती.